पांढऱ्या रंगाचा हिशेब

बी. कॉम., चौथे सत्र

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने रंगांविषयी लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. आमच्या शाखेला फार तर तोट्याचा लाल रंग ठाऊक. परंतु गेल्या हिवाळ्यात पंधरा दिवस मी भोपाळला मामाकडे होतो, आणि तेवढ्या दिवसांत पांढरा रंग म्हणजे काय प्रकरण आहे, हे मला थोडेफार कळले. ते शिकवायला एक मामा, मेळ्यातली तीन बिघडलेली व्हिडिओ गेमची यंत्रे आणि कन्नड बोलणारा एक मुलगा, एवढे गुरू लागले.

भोपाळ म्हटले की आपल्याकडे २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्रीची वायुदुर्घटना तेवढी आठवते. ते साहजिकच आहे. पण त्याच शहरात पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा अशा कामगार वसाहती आहेत आणि तिथे मराठी घरे पुष्कळ आहेत. त्या काळची ‘हेवी इलेक्ट्रिकल्स’, म्हणजे आजची ‘भेल’, हिच्यात नोकरी मिळाली म्हणून माझे आजोबा साठच्या दशकात तिकडे गेले आणि तिथलेच झाले. मामाचा जन्म तिथला. तो ‘बाजारात जाऊन येतो’ असे न म्हणता ‘मार्केट होऊन येतो’ म्हणतो; आणि मी वाक्याच्या शेवटी ‘की’ लावला की हसतो. बेळगावहून गोवा एक्सप्रेसने निघाले की गाडी न बदलता भोपाळला उतरता येते; भाषा मात्र वाटेत दोनतीनदा बदलते.

मामाचे टीव्ही दुरुस्तीचे दुकान आहे. १५ ऑगस्ट १९८२ ला दूरदर्शनचे राष्ट्रीय प्रसारण रंगीत झाले, त्याच वर्षअखेर दिल्लीला आशियाई खेळ झाले आणि रंगीत संच घरोघर येऊ लागले. त्या लाटेनंतर काही वर्षांनी मामा एका कारागिराच्या हाताखाली हा धंदा शिकला. तेव्हा गाझियाबादची सॅमटेल, मोहालीची जेसीटी असे कारखाने पिक्चर ट्यूब बनवत. आज देशात रंगीत पिक्चर ट्यूब कोणी बनवत नाही. मामाकडे आता पातळ एलईडी संच येतात, सेट टॉप बॉक्स येतात, मधूनच कुणाचा मिक्सरही येतो. माळ्यावर मात्र जुन्या संचांतून काढलेल्या चार ट्यूबा गोधडीत गुंडाळून ठेवल्या आहेत. मामी त्यांना ‘तुझी चार पोरं’ म्हणते.

भेलच्या दसरा मैदानावर हिवाळ्यात मोठा मेळा भरतो. तिथे खेळाचा तंबू लावणारे एक गृहस्थ एका दुपारी दुकानात आले आणि स्टुलावर बसत म्हणाले, “को खाँ उस्ताद, तीनों मशीनों का रंग बिगड़ गया. एक के परदे को तो पीलिया हो गया है!” पीलिया म्हणजे कावीळ. कावीळ झालेल्याला सारे जग पिवळे दिसते, असे आपण म्हणतो; इथे जगालाच कावीळ झाली होती. मेळा उठायला आठ रात्री उरल्या होत्या आणि जागेचे भाडे आधीच भरलेले होते. रंग बिघडलेल्या यंत्रात नाणे टाकायला मुले तयार नव्हती. मामाने पिशवी भरली आणि मला म्हटले, “चल भाचेबुवा, बॅटरी धरायला कोणी तरी पाहिजे.”

त्या यंत्रांवर ‘मुस्तफा’ लावलेला होता. जपानच्या कॅपकॉम कंपनीचा १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ हा खेळ आपल्या देशातल्या गल्लीबोळांत त्याच्या एका पात्राच्या नावानेच ओळखला जातो. मुस्तफाच्या डोक्यावर पिवळी टोपी असते. ही टोपी आपण लक्षात ठेवू, कारण मामाने निदान तिच्यावरूनच केले.

आधी थोडे यंत्राविषयी. जुन्या रंगीत पडद्याच्या काचेला आतून तांबडे, हिरवे आणि निळे असे तीन प्रकारचे कण लावलेले असतात. ट्यूबच्या मानेत तीन इलेक्ट्रॉन गन असतात, प्रत्येक रंगासाठी एक. काचेच्या मागे बारीक छिद्रांची पोलादी जाळी असते. तिच्यामुळे तांबड्याच्या गनमधून निघालेला झोत तांबड्या कणांवरच पडतो, शेजाऱ्याच्या अंगणात जात नाही. ही जाळीची युक्ती अमेरिकेच्या आर.सी.ए. कंपनीने १९५० मध्ये प्रथम दाखवली. तिन्ही झोत योग्य प्रमाणात पडले की डोळ्याला पांढरा दिसतो. म्हणजे त्या पडद्यावर पांढरा नावाचा रंगच नसतो. पांढरा ही तीन खात्यांची जुळलेली बेरीज असते. तांबडा आणि हिरवा मिळून पिवळा होतो, हे चित्रकलेच्या तासाला शिकलेल्याला पटत नाही, कारण तिथे पिवळा हा मूळ रंग असतो. पण रंगद्रव्याचे गणित निराळे आणि प्रकाशाचे निराळे.

घरच्या टीव्हीत हे तीन रंग एकाच लहरीत गुंफून येतात आणि आत उलगडावे लागतात. खेळाच्या यंत्रात तसे नसते. खेळाचे सर्किट तांबडा, हिरवा, निळा असे तीन रंग तीन वेगळ्या तारांनी पाठवते आणि चित्र जागेवर ठेवणारा इशारा आणखी एका तारेने येतो. जपानमधील उत्पादकांच्या संघाने १९८५ मध्ये ५६ टोकांची एक जोडणी ठरवून दिली. जमा या नावाने ती सगळीकडे चालते. त्यामुळे रंग बिघडला की तीन ठिकाणे तपासायची: खेळाचे सर्किट, तारा आणि मॉनिटर. मॉनिटरमध्ये पुन्हा सर्किट वेगळे, ट्यूब वेगळी.

इथे एक सूचना देतो आणि ती थट्टेने घेऊ नये. या ट्यूबला वीस-पंचवीस हजार व्होल्टचा दाब लागतो आणि यंत्र बंद केल्यावरही तो आत साठून राहू शकतो. मामा पहिल्यांदा तो जमिनीला उतरवतो आणि मगच हात घालतो. चालू यंत्रात मोजमाप करताना त्याचा डावा हात खिशात असतो. माझे काम बॅटरी धरण्याचे होते आणि ते मी दोन हात लांबूनच केले.

पहिल्या यंत्राच्या पडद्यावर डाव्या कोपऱ्यात जांभळा डाग होता आणि त्याला लागून हिरवट पट्टा. बाकीचे चित्र चांगले होते. मामा म्हणाला, “डाग असेल तर सर्किट उघडायचं नाही. सर्किट बिघडलं तर पूर्ण पडदा बिघडतो. एक कोपरा बिघडवायला चुंबक लागतो.” मालकाला विचारले, तर चुंबक वगैरे इथे काही नाही, असे त्याने ठामपणे सांगितले. यंत्रांची देखभाल करणारा पोऱ्या बाजूला उभा होता. त्याला काही सांगायचे होते, पण हिंदी पुरत नव्हती. दोनचार शब्दांत मला कळले की हा आपल्याकडचा. मी कन्नडात विचारल्याबरोबर तो खुलला. विजयपूरकडचा तो मुलगा पाळणेवाल्यांच्या टोळीबरोबर इतक्या लांब आला होता. तो म्हणाला, “मोदल छलो इत्रि. स्पीकर इट्ट म्याल हिंग आत्रि.” म्हणजे, आधी चांगले होते, स्पीकर ठेवल्यानंतर असे झाले. मौत का कुआँवाल्यांचा एक भला मोठा लाउडस्पीकर दोन रात्री या यंत्राला टेकून ठेवलेला होता. तो आता तिथे नव्हता, म्हणून मालकाच्या हिशेबी कधीच नव्हता.

स्पीकरमध्ये मोठा लोहचुंबक असतो. त्याने आतली पोलादी जाळी चुंबकीय झाली होती आणि स्पीकर नेल्यावरही ते चुंबकत्व राहिले होते. मग झोत वाकडे पडतात आणि तांबड्याचा झोत हिरव्याच्या अंगणात उतरतो. खरे तर यंत्र थंड असताना सुरू केले की ट्यूबभोवतीची एक कॉइल क्षणभर चालून हे चुंबकत्व आपोआप काढून टाकते. तेव्हा ‘धुंग’ असा आवाज येतो. या यंत्राचा तो आवाज बंद होता. ज्या थर्मिस्टरमुळे कॉइल चालून लगेच शांत होते, तो तडकला होता. मामाने जुन्या टीव्हीतला थर्मिस्टर बसवला आणि स्वतः गुंडाळलेली हातकॉइल पडद्यासमोर गोल गोल फिरवत हळूहळू मागे नेली. चांगला दोन मीटर मागे गेल्यावरच तिचे बटण सोडले. जवळ असताना सोडले असते तर डाग आणखी वाढला असता. डाग गेला. पोऱ्याने माझ्याकडे असे पाहिले की जणू तो मीच घालवला.

दुसऱ्या यंत्रात मुस्तफाची टोपी हिरवीगार होती. मामाने विचारले, “सांग, कोण गेलं?” पिवळ्यातून काय वजा केले की हिरवा उरतो? तांबडा. निळा गेला असता तर टोपी पिवळीच राहिली असती आणि आकाश काळे झाले असते. हिरवा गेला असता तर टोपी तांबडी झाली असती. वजाबाकी आम्हाला येते. पण तांबडा गेला कुठून, हे वजाबाकी सांगत नाही.

इथे आधीच्या कुणा कारागिराने आपली विद्या चालवलेली होती. मॉनिटरच्या मागे रंगांचे लहान लहान प्रीसेट असतात आणि ते सगळे त्याने पिळून ठेवले होते. ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ अशातला प्रकार. मामा म्हणाला, “प्रीसेट पहिल्यांदा फिरवायचा नसतो, शेवटी. आणि फिरवायच्या आधी पेनाने खूण करायची, म्हणजे परतीची वाट राहते.” मला आमचे सस्पेन्स खाते आठवले. तेरजेच्या दोन बाजू जुळेनात म्हणजे फरक सस्पेन्स खात्यात टाकून बेरीज तात्पुरती जुळवता येते, पण चूक जिथल्या तिथेच राहते. बिघाड न शोधता प्रीसेट फिरवणे म्हणजे रंगांचे सस्पेन्स खातेच.

मामाची तपासणी साधी होती. मॉनिटरला येणाऱ्या तांबड्या आणि हिरव्या रंगाच्या तारांची त्याने अदलाबदल केली. खेळाच्या सर्किटाकडून तांबडा येतच नसेल, तर आता पडद्यावर हिरवा गायब व्हायला हवा. तसे झाले नाही, तांबडाच गायब राहिला. याचा अर्थ तांबडा मॉनिटरच्या दारापर्यंत येत होता आणि घरात शिरल्यावर हरवत होता. दोन तारा बदलल्या आणि अर्धे यंत्र संशयातून सुटले. तारा पुन्हा जागच्या जागी लावून मामाने ट्यूबच्या मानेवर बसवलेल्या बोर्डाला लाकडी पट्टीच्या टोकाने हलकेच टिचकी मारली. टोपी क्षणभर पिवळी झाली आणि पुन्हा हिरवी. “ड्राय सोल्डर,” मामा म्हणाला. तांबड्याला जोर देणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या पायापाशी जोड सुटला होता. ट्रकमधून गावोगाव हिंडणाऱ्या यंत्राचे हे नेहमीचे दुखणे. वरून पाहिले तर जोड शाबूत दिसतो. भिंगातून पाहिले तर पायाभोवती केसाएवढी गोल भेग दिसते. यंत्र बंद करून, दाब उतरवून मामाने तो जोड नव्याने केला. मग पिळलेले प्रीसेट एकेक करून जागेवर आणले. आधी अंधारातल्या करड्या रंगात कोणता रंग डोकावतो ते पाहून, नंतर उजेडातला पांढरा पाहून. उलट क्रमाने केले तर रात्र संपते आणि काम संपत नाही.

तिसरे यंत्र काविळीचे. सुरू केल्यावर साऱ्या पडद्याला हळद लागलेली. पांढरी अक्षरेसुद्धा पिवळी. मामाने सर्किट तपासले, तारांची अदलाबदल केली, बोर्डाला टिचक्या मारल्या. सारे ठाकठीक होते. मग तो खाली बसला आणि नुसता पाहत राहिला. दहा मिनिटांनी पिवळेपणा किंचित ओसरला. मामाने मान हलवली. निळ्याची गन थकली होती. गनच्या टोकाला एक लेप असतो. आतली ६.३ व्होल्टची तार तापली की त्या लेपातून इलेक्ट्रॉन सुटतात, आणि वर्षानुवर्षे चालून तो लेप आटतो. थकलेली गन तापायला वेळ लावते आणि तापूनही पूर्ण देत नाही.

मालक समोर बसला होता. मामाने त्याला तीन वाटा सांगितल्या. एक, नवा पातळ पडदा बसवा. जुन्या खेळाचे सर्किट त्याला सरळ जोडता येत नाही, मध्ये बदल करणारे सर्किट लागेल, आणि आठ रात्रींत तो खर्च निघणार नाही. दोन, थकलेल्या गनला जास्त दाबाचा झटका देऊन जोर आणता येतो. काही महिने मिळतील, किंवा ती आजच कायमची जाईल. तीन, तांबडा आणि हिरवा खाली उतरवा, निळा जेवढे देतो तेवढ्यावर आणा. पांढरा पांढरा होईल, पण चित्र मंद होईल. माळ्यावरच्या चार ट्यूबांपैकी एकही या मापाची नव्हती, तेही मामाने सांगितले.

मालकाने विचारले, “उस्ताद, आप क्या करते?”

“तिसरी वाट,” मामा म्हणाला, “आणि पडद्यावर काळ्या कापडाची छपरी.”

तसेच झाले. दोन सशक्त रंगांना मामाने पाऊण तास थोडे थोडे उतरवत एका दुबळ्याच्या मापावर आणले. चित्र मंद झाले खरे, पण काळ्या छपरीच्या अंधारात ते पुरेसे होते, आणि मुस्तफाच्या टोपीशेजारची पांढरी अक्षरे पांढरी दिसू लागली. पांढऱ्याची उंची कोण ठरवतो, ते मला त्या रात्री समजले. सर्वांत जोरकस रंग ती ठरवत नाही, सर्वांत थकलेला ठरवतो. बिल करताना मामाने पहिल्या दोन यंत्रांची मजुरी लावली आणि तिसऱ्याची निम्मी लावली. मी कारण विचारले. तो म्हणाला, “त्या दोघांचा रोग गेला. याचा नुसता झाकला.” मेळा उठेपर्यंत ते यंत्र चालले, असे त्याने नंतर फोनवर कळवले. पुढच्या वर्षाची हमी त्याने कुणालाच दिलेली नाही.

परतीच्या गाडीत मी दुसऱ्या आणि तिसऱ्या यंत्राचा विचार करत होतो. दोघांचे लक्षण वरवर सारखे होते. एक रंग कमी. पण एका ठिकाणी रंगात जोर होता आणि जोड सुटला होता, आणि दुसऱ्या ठिकाणी जोड नीट होता आणि जोरच संपला होता. औषधे अगदी वेगळी. दुबळ्याच्या मापावर सगळ्यांना उतरवण्याची युक्ती मामाने दुसऱ्या यंत्रावर केली असती, तर तांबड्याच्या मापावर म्हणजे शून्यावर येऊन पडदा काळाच झाला असता.

याचा आपल्या वर्गाशी काय संबंध, असे कोणी विचारील. मी मराठी माध्यमातून शिकलो. गल्लीत कन्नड, घरात मराठी आणि कॉलेजात एकदम इंग्रजी. पहिल्या सत्रात हिशेबशास्त्राच्या तासाला ‘डेप्रिसिएशन’ हा शब्द मी चार दिवस ऐकला आणि वहीत उतरवला. तो वर्गातल्या मराठी आणि कन्नड शाळांतून आलेल्या आम्हा दहाबारा जणांच्या डोक्यावरून जात होता. मागच्या बाकावरची मुले कच्ची आहेत, असे तेव्हा बोलले जाई. पाचव्या दिवशी सरांनी जाता जाता म्हटले, “अरे, घसारा!” आणि शेजारच्या कन्नड मुलांकडे वळून म्हटले, “सवकळी!” त्या दोन शब्दांनी टोपी पिवळी झाली. गेल्या चार दिवसांचे सारे गणित आमच्याकडे होतेच, ते एका क्षणात उजळले. त्या सत्राच्या परीक्षेत त्या बाकांवरचे कोणी नापास झाले नाही.

मागच्या बाकांवर गन थकलेल्या नव्हत्या. वीस वर्षांच्या मुलाची गन थकलेली असतही नाही. बहुतेक वेळा कुठेतरी केसाएवढी भेग असते, वरून न दिसणारी, आणि ती शोधायला भिंग लागते, दोन तारा बदलून पाहण्याचा धीर लागतो, कधी विजयपूरच्या पोऱ्याला त्याच्या भाषेत विचारावे लागते. तेवढे न करता मुलाला कच्चा ठरवणे सोपे असते आणि त्याच्यासाठी साऱ्या वर्गाचा उजेड कमी करणे त्याहून सोपे असते.

मामाच्या धंद्याचे काय होणार, हे जमाखर्च शिकणाऱ्याला सांगता येते. ट्यूबा बनत नाहीत. म्हणजे एक दिवस माळ्यावरची चारही पोरे संपतील आणि तो पूर्णवेळ मिक्सर दुरुस्त करील. त्याच्या दुकानाच्या मालमत्तेवर घसारा लावून पाहिला तर फारसे काही उरत नाही. पण डाग आहे की पूर्ण पडदा, दारापर्यंत आले की नाही, जोड सुटला की जोर संपला, हे क्रमाने विचारण्याची सवय त्या दुकानात आहे आणि तिच्यावर घसारा लागत नाही. ती मी उधारीवर उचलून आणली आहे. ज्यांना हवी असेल त्यांनी माझ्याकडून बिनव्याजी न्यावी.